नेफरतिती बर्लिनमध्ये काय करतेय? इजिप्तच्या वस्तू परत देण्याचं भांडण, सातबाऱ्याच्या भाषेत

माझी मावशी या हिवाळ्यात टूरबरोबर इजिप्तला जाऊन आली. पिरॅमिड, उंट, नाईलवरची क्रूझ, क्रूझवर खिचडी-कढी, सगळं झालं. गिझाजवळ ते प्रचंड मोठं नवीन म्युझियम झालंय ना, ग्रँड इजिप्शियन म्युझियम, ज्याचं १ नोव्हेंबर २०२५ ला थाटात उद्घाटन झालं, तेही बघितलं. पण घरी आल्यावर ती अडकली होती भलत्याच गोष्टीवर. कैरोच्या जुन्या म्युझियममध्ये गाईडने तिला रोझेटा स्टोन दाखवला आणि म्हणाला, ही कॉपी आहे मॅडम, ओरिजिनल लंडनला. मावशी मला म्हणते, "अगं, यांच्याच घरात यांच्याच वस्तूची झेरॉक्स?"

मग विचारायला लागली की बाकीचं काय काय बाहेर आहे, चोरून नेलं का, मग परत का देत नाहीत, कोर्टात का जात नाहीत. मी उत्तर द्यायला सुरुवात केली आणि दहा मिनिटात लक्षात आलं की एका वाक्यात सांगता येण्यासारखं हे प्रकरणच नाहीये. नवीन म्युझियम उघडल्यापासून ही मागणी पुन्हा बातम्यांमध्ये आलीये, आणि लोकांची दोनच टोकं दिसतात, "सगळं चोरीचं आहे, परत द्या" किंवा "तिकडे आहे म्हणून तर टिकलं". दोन्ही अर्धवट आहेत. म्हणून जरा निवांत लिहिते.

## आधी एक शब्द शिकून घेऊ

या विषयात एक शब्द सारखा येतो, प्रॉव्हनन्स. म्हणजे वस्तू कुठून निघाली, कोणाकडून कोणाकडे गेली, कोणत्या कागदावर गेली, याची पूर्ण साखळी. आपल्याकडे जमिनीचा सातबारा आणि त्यावरचे फेरफार असतात तसंच. जमीन आज कोणाच्या ताब्यात आहे हा एक प्रश्न आणि मधल्या नोंदी खऱ्या आहेत का हा दुसरा. गावाकडे ज्यांनी भाऊबंदकीचे दावे बघितलेत त्यांना पुढचं सगळं लगेच कळेल, कारण हे भांडण नव्वद टक्के फेरफाराचं आहे. वस्तू इजिप्तची आहे याबद्दल कोणीच वाद घालत नाही. वाद एवढाच की ती बाहेर गेली त्या दिवशी सही कोणाची होती आणि त्या माणसाला सही करायचा हक्क होता का.

म्हणून पुढे हा शब्द मी वापरणार नाही, सातबाराच म्हणणार.

## रोझेटा स्टोन: तीन लिप्यांमधला जीआर

१७९८ मध्ये नेपोलियन सैन्य घेऊन इजिप्तमध्ये उतरला. १७९९ च्या जुलैमध्ये रशीद गावाजवळ, ज्याला युरोपातले लोक रोझेटा म्हणायचे, फ्रेंच सैनिक एका जुन्या किल्ल्याची डागडुजी करत होते. तिथे एक काळा दगड सापडला आणि बुशार नावाच्या अधिकाऱ्याच्या लक्षात आलं की यावर तीन वेगवेगळ्या लिप्यांमध्ये काहीतरी कोरलंय. वरती चित्रलिपी, मध्ये रोजच्या वापरातली डेमोटिक, खाली ग्रीक.

मजकूर काय आहे म्हणाल तर अगदी सरकारी. इसवी सन पूर्व १९६ मधला, पाचव्या टॉलेमी राजाचा गौरव करणारा पुजाऱ्यांचा ठराव, त्यात कर माफ केले, देवळांना अमुक दिलं, राजाचे पुतळे बसवा वगैरे. थोडक्यात जीआर. पण ग्रीक वाचता येत होतं म्हणून त्याच्या आधाराने बाकीच्या दोन लिप्या सोडवायचा प्रयत्न सुरू झाला, इंग्लंडमध्ये थॉमस यंगने थोडं पुढे नेलं आणि १८२२ मध्ये फ्रान्सच्या शाम्पोलियोंने कोडं फोडलं. इजिप्तचा हजारो वर्षांचा इतिहास परत वाचता यायला लागला तो या एका जीआरमुळे, म्हणून त्याची एवढी किंमत.

मग तो लंडनला कसा? १८०१ मध्ये ब्रिटिश आणि ऑटोमन तुर्क यांनी मिळून फ्रेंचांना हरवलं. शरणागतीचा करार झाला, त्यात फ्रेंचांनी गोळा केलेल्या प्राचीन वस्तू ब्रिटिशांना द्यायच्या असं कलम होतं. फ्रेंच सेनापती मनू म्हणायला लागला की हा दगड माझी खाजगी मालमत्ता आहे (हो, खरंच), पण कोणी ऐकलं नाही. १८०२ पासून दगड ब्रिटिश म्युझियममध्ये. त्याच्या एका कडेवर इंग्रजीत रंगवलेलंच आहे की १८०१ मध्ये ब्रिटिश सैन्याने इजिप्तमध्ये हस्तगत केला. म्हणजे लपवाछपवी काहीच नाही, पावतीच चिकटवलीय.

आता सातबारा बघा. सापडला फ्रेंचांना, घेतला ब्रिटिशांनी. ब्रिटिश बाजू सांगते की करारावर ऑटोमन सेनानीची पण सही आहे आणि तेव्हा इजिप्त ऑटोमन साम्राज्यातच होतं, त्यामुळे कागद पक्का. इजिप्तची बाजू म्हणते की एक पाहुणा दुसऱ्या पाहुण्याला आमच्या घरातला पाटा-वरवंटा देतो आणि तिसरा पाहुणा साक्षीदार म्हणून सही करतो, यात घरमालक कुठे आहे? मला विचाराल तर कागद म्हणून ब्रिटिश बरोबर असतील, पण लढाईत जिंकून घेतलेल्या वस्तूला "आम्हाला मिळाली" म्हणणं जरा जास्तच झालं.

## पाशाने स्वतःच वाटलं ते

यानंतरचा काळ अजून गमतीशीर आहे आणि इथे इजिप्तची बाजू जरा लंगडी पडते. फ्रेंच गेल्यावर मुहम्मद अली पाशा सत्तेवर आला. त्याला हवे होते कारखाने, कालवे, आधुनिक सैन्य. जुने दगड म्हणजे त्याच्या लेखी युरोपियन वकिलातींना खूश करायचं स्वस्त साधन. परवानगीचा कागद, त्याला फर्मान म्हणायचे, तो मिळाला की ब्रिटिश आणि फ्रेंच कॉन्सुलची माणसं वाळूत उतरायची आणि स्पर्धा लावल्यासारखी वस्तू गोळा करायची. त्यातला बेल्झोनी तर आधी खेळांमध्ये ताकदीचे प्रयोग करणारा पैलवान होता. त्याने १८१६ मध्ये रामसेस राजाच्या पुतळ्याचं सात टनांचं धड लक्झरच्या समोरच्या किनाऱ्यावरून माणसांकडून ओढवून नदीपर्यंत आणलं, ते आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

सगळ्यात वाईट वाटतं ते डेंडेराचं. तिथल्या हाथोर देवीच्या देवळात एका छोट्या खोलीच्या छतावर राशीचक्र कोरलेलं होतं, मेष, वृषभ, सिंह वगैरे, आपल्याला बघितल्यावर ओळखता येतील अशा राशी. १८२१ मध्ये लेलोरें नावाच्या माणसाने करवती आणि सुरुंगाची दारू वापरून ते छत कापून काढलं. देऊळ, सुरुंग, विचार करा. पाशाची परवानगी होती. पॅरिसला नेऊन ते अठराव्या लुईला दीड लाख फ्रँकला विकलं. आज ते लूव्र म्युझियममध्ये आहे आणि देवळात त्या जागी प्लास्टरची नक्कल आहे. झेरॉक्स नंबर दोन.

१८३५ मध्ये याच पाशाने प्राचीन वस्तू बाहेर न्यायला बंदी घालणारा हुकूम काढला, कैरोत संग्रह सुरू केला. छान. पण पुढे काय झालं? वस्तू पाहुण्यांना भेट म्हणून जात राहिल्या आणि १८५५ मध्ये त्याचा मुलगा सईद पाशा याने उरलेला संग्रह ऑस्ट्रियाच्या राजपुत्राला देऊनच टाकला, म्हणून व्हिएन्नात आज इजिप्तचं एवढं सामान दिसतं.

पॅरिसच्या मोठ्या चौकात जो उंच दगडी स्तंभ उभा आहे तो पण भेटच, लक्झरच्या देवळासमोरच्या जोडीतला एक, १८३६ मध्ये तिथे उभा केला. बदल्यात फ्रान्सच्या राजाने कैरोला एक मनोऱ्यावरचं घड्याळ पाठवलं जे वर्षानुवर्षं प्रसिद्ध होतं ते बंद असण्यासाठी. तीन हजार वर्षांचा स्तंभ देऊन बंद घड्याळ घेतलं असा व्यवहार आपल्याकडे कोणी केला असता तर पिढ्यानपिढ्या टोमणे ऐकावे लागले असते, पण भेट ती भेट, तो स्तंभ परत मागण्यावर इजिप्तचा जोर नाही.

तसंच १९६० च्या दशकातलं. आस्वानचं मोठं धरण होणार होतं, नुबियातली देवळं पाण्याखाली जाणार होती, युनेस्कोने जगाला हाक दिली आणि अबू सिंबेलचं अख्खं देऊळ कापून वर नेलं. मदत करणाऱ्या देशांना इजिप्तने आभार म्हणून छोटी देवळं देऊन टाकली, डेंडूर न्यूयॉर्कला, डेबोद माद्रिदला. हे अगदी स्वतंत्र देशाने, स्वखुशीने दिलेलं. म्हणून परदेशात इजिप्तची वस्तू दिसली की लगेच "चोर चोर" ओरडू नये एवढंच.

## अर्धेलीने खोदकाम

आता सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी माहीत असलेला मार्ग. याला फ्रेंचमध्ये पार्ताज म्हणतात, म्हणजे वाटणी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी असा नियम बसला की परदेशी संस्थांनी आपल्या खर्चाने खोदकाम करायचं आणि जे निघेल त्यातला वाटा त्यांना मिळणार, साधारण निम्मा. उरलेलं कैरोला.

गावाकडे शेत अर्धेलीने किंवा बटईने देतात ना, अगदी तसं. जमीन एकाची, बियाणं-कष्ट दुसऱ्याचे, रास पडली की अर्धं-अर्धं. लंडन, बर्लिन, बोस्टन, अशा कितीतरी म्युझियममधला मोठा साठा असा आलाय, रीतसर, यादी करून, सही-शिक्क्यानिशी. चोरी नाही ती.

पण ज्याने बटईचा व्यवहार बघितलाय त्याला माहीत असतं की खरी भांडणं होतात राशीजवळ. माप कोण घेतंय? इजिप्तमध्ये माप घेणारं खातं म्हणजे पुरातत्त्व खातं, जे १८५८ मध्ये मारिएत नावाच्या फ्रेंच माणसाने सुरू केलं आणि १९५२ च्या क्रांतीपर्यंत त्याचा प्रमुख कायम फ्रेंचच होता. वर १८८२ पासून देशात ब्रिटिश सैन्य. म्हणजे जमीन इजिप्तची, खोदणारा जर्मन, मापारी फ्रेंच आणि गावचा पाटील इंग्रज. इजिप्शियन माणूस कुठे होता? टोपली उचलत होता. हे मी चिडून लिहित नाहीये, त्या काळातले खोदकामाचे फोटो काढून बघा, तेच दिसतं.

## आणि मग येते नेफरतिती

ही गोष्ट जरा सावकाश सांगते कारण सगळ्या प्रकरणात माझी आवडती हीच आहे.

६ डिसेंबर १९१२. अमर्ना, म्हणजे अखेनातेन राजाने वाळवंटात वसवलेली राजधानी. जर्मन पुरातत्त्वज्ञ लुडविग बोर्खार्ट तिथे थुटमोस नावाच्या शिल्पकाराच्या कार्यशाळेचं खोदकाम करत होता. खर्च करत होता बर्लिनचा कापडाचा व्यापारी जेम्स सायमन. वाळूतून अखेनातेनच्या राणीचा, म्हणजे नेफरतितीचा, एक अर्धपुतळा निघाला, अर्धा मीटरही उंची नाही, आत चुनखडीचा दगड, वरून गिलावा आणि रंग. लांब मान, उंच निळा मुकुट, एका डोळ्यात बुबुळ आहे, दुसऱ्यात नाही. तेहेतीसशे वर्षं वाळूत राहून रंग ताजा. बोर्खार्टने डायरीत लिहिलं, वर्णन करून उपयोग नाही, बघायलाच हवं.

२० जानेवारी १९१३ ला वाटणी झाली. कैरोहून इन्स्पेक्टर आला, गुस्ताव लफेव्र, फ्रेंच. हा मुळात जुन्या लेखांचा अभ्यासक. बोर्खार्टने वस्तूंचे दोन वाटे तयार ठेवले होते. एका वाट्यात वरचढ वस्तू म्हणजे राजघराण्याचं चित्र कोरलेली एक सुंदर शिळा, दुसऱ्यात नेफरतिती. लफेव्रने शिळेचा वाटा कैरोसाठी घेतला. नेफरतिती बर्लिनच्या वाट्याला गेली.

इथपर्यंत सगळं कायदेशीर. पण त्या बैठकीला हजर असलेल्या जर्मन संस्थेच्या सेक्रेटरीने १९२४ मध्ये एक टिपण लिहून ठेवलं होतं जे २००९ मध्ये जगासमोर आलं. त्यात म्हटलंय की बोर्खार्टला पुतळा आपल्याकडेच राहावा असं वाटत होतं, इन्स्पेक्टरला दाखवलेला फोटो असा होता की पुतळ्याचं सौंदर्य नीट कळू नये, कागदावर तो गिलाव्याचा, एका राजकन्येचा म्हणून नोंदवला आणि प्रत्यक्षात तो पेटीत आधीच पॅक होऊन पडलेला. बर्लिनचं म्युझियम म्हणतं, फसवणूक झालेली नाही, पेट्या उघड्या होत्या, इन्स्पेक्टरने बघायला हवं होतं.

मला हे वाचून मार्केट यार्डातली पोती आठवतात. पोत्याला परखी मारून बघायचं काम घेणाऱ्याचं हे खरं, पण वरती काय ठेवायचं हे देणाऱ्याला चांगलं माहीत असतं हेही खरं. कोर्टात हे टिकेल का? मला शंका आहे. शंभर वर्षांनी एका टिपणावर निकाल लागत नाही. पण मनातल्या मनात निकाल लावायचा तर मी इन्स्पेक्टरला निष्काळजी आणि बोर्खार्टला लबाड, अशी दोघांची नावं लिहीन.

पुतळा दहा वर्षं लोकांसमोर आलाच नाही. सायमनच्या घरी होता, मग त्याने १९२० मध्ये सरकारला दिला आणि १९२० च्या दशकात तो प्रदर्शनात मांडला तेव्हा कैरोत खळबळ झाली, कारण काय दिलं ते तेव्हा कळलं. इजिप्तने जर्मनांचं खोदकाम बंद केलं. १९३० च्या सुमारास अदलाबदलीची बोलणी खरंच बरीच पुढे गेली होती, कैरोतून दोन उत्तम पुतळे द्यायचे आणि नेफरतिती परत घ्यायची, पण बर्लिनमध्ये लोकांनी ओरडा केला. मग हिटलरने स्वतः नकार दिला. महायुद्धात ती मिठाच्या खाणीत लपवली गेली, अमेरिकन सैन्याला सापडली, पश्चिम बर्लिनला परत आली आणि २००९ पासून नॉयस म्युझियममध्ये एका स्वतंत्र खोलीत एकटी उभी आहे. ज्या सायमनने तिच्यासाठी पैसे ओतले तो ज्यू होता, नाझी आले तेव्हा त्याला जाऊन वर्ष व्हायचं होतं, आणि त्याचं नाव म्युझियममधून पुसून टाकलं गेलं. वारसा वगैरे शब्द वापरताना हेही लक्षात ठेवायला हवं.

## मग कायदा काय म्हणतो? कोर्टात का जात नाहीत?

मावशीचा हा प्रश्न सगळ्यात बरोबर होता. उत्तर आहे एका सालात, १९७०. त्या वर्षी युनेस्कोचा आंतरराष्ट्रीय करार झाला की चोरून बाहेर नेलेल्या सांस्कृतिक वस्तूंचा व्यापार थांबवायचा आणि त्या परत द्यायच्या. पण करार मागच्या तारखेपासून लागू नाही. हेल्मेटसक्ती आज लागू झाली तर गेल्या वर्षी बिनहेल्मेट फिरलात म्हणून चलन येत नाही, तसं. त्यामुळे १८०१ किंवा १९१३ ची वस्तू या करारात बसतच नाही, तिथे उरतं फक्त नैतिक दडपण आणि मैत्रीपूर्ण बोलणी.

त्यात ब्रिटनचा स्वतःचा १९६३ चा कायदा आहे, ज्यानुसार ब्रिटिश म्युझियमच्या विश्वस्तांना संग्रहातली वस्तू, काही अपवाद सोडले तर, देऊन टाकताच येत नाही. "आम्हाला द्यायचं असतं हो, पण हात बांधलेत." सोसायटीचे सेक्रेटरी बायलॉज दाखवतात तसं. बायलॉज बदलता येतात हे त्यांनाही माहीत असतं.

इजिप्तने १९८३ च्या कायद्याने वस्तूंची खरेदी-विक्री आणि खोदकामातली वाटणीची पद्धत जवळपास पूर्ण बंद केली, जमिनीतून निघेल ते सरकारचं. त्यामुळे अलीकडच्या चोऱ्यांमध्ये इजिप्तची बाजू एकदम भक्कम होते आणि तिथे ते खरंच जिंकतात.

उदाहरण झकास आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ मध्ये नेजेमांख नावाच्या पुजाऱ्याची सोनेरी शवपेटी साधारण ४० लाख डॉलरला घेतली. सोबत १९७१ चं इजिप्तचं निर्यात परवाना पत्र. २०१८ मध्ये म्युझियमच्या गाला पार्टीत किम कार्डाशियनने पेटीशेजारी उभं राहून फोटो काढला, सोनेरी ड्रेस, सोनेरी पेटी, फोटो जगभर फिरला आणि ज्यांनी पेटी उकरली होती त्यांच्यातल्याच, पैसे न मिळालेल्या माणसापर्यंत पोचला, असं सांगतात. तपासात निघालं की पेटी २०११ च्या क्रांतीच्या गोंधळात मिन्या भागातून उकरलेली आणि परवाना बनावट. कागदावर तारीख मे १९७१ ची आणि शिक्का अरब रिपब्लिक ऑफ इजिप्तचा, पण देशाचं ते नाव पडलं त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये. म्हणजे १९५५ च्या खरेदीखतावर "महाराष्ट्र शासन" शिक्का असावा तसं! २०१९ मध्ये पेटी कैरोला परत.

लूव्रनेही २००९ मध्ये लक्झरजवळच्या एका थडग्यातून कापलेले पाच भित्तिचित्रांचे तुकडे परत दिले, पण कधी, तर तेव्हाचे पुरातत्त्व प्रमुख झाही हवास यांनी लूव्रच्या खोदकामाला सहकार्य थांबवलं तेव्हा. म्हणजे गोडीगुलाबी आणि नाक दाबणं, दोन्ही चालतं.

## "पण तिकडे सुरक्षित आहेत ना?"

हा आक्षेप हमखास येतो आणि तो अगदीच पोकळ नाही. २८ जानेवारी २०११ ला क्रांतीच्या धामधुमीत कैरोच्या म्युझियममध्ये चोर शिरले. २०१३ मध्ये मिन्या भागातल्या मल्लावी म्युझियममधून हजाराच्या वर वस्तू लुटल्या. तुतनखामनच्या सोन्याच्या मुखवट्याची दाढी २०१४ मध्ये निखळली तर ती चक्क इपॉक्सीने चिकटवली. आणि आत्ता सप्टेंबर २०२५ मध्ये आमेनेमोपे राजाचं तीन हजार वर्षांचं सोन्याचं कडं म्युझियमच्याच कर्मचाऱ्याने पळवलं, बाजारात विकलं आणि ते वितळवून टाकलं गेलं. यावर बोलायला शब्द नाहीत.

पण आता दुसरी बाजू. २०२३ मध्ये ब्रिटिश म्युझियमला कबूल करावं लागलं की साधारण दोन हजार वस्तू हरवल्या, चोरीला गेल्या किंवा खराब केल्या गेल्या, आणि डायरेक्टरला राजीनामा द्यावा लागला. २०२० मध्ये बर्लिनच्या म्युझियममध्ये कोणीतरी साठ-सत्तर वस्तूंवर तेलकट द्रव शिंपडला, त्यात नेफरतितीच्याच इमारतीतल्या इजिप्शियन शवपेट्या होत्या. आणि १९ ऑक्टोबर २०२५ ला, कैरोच्या कड्याचं प्रकरण होऊन महिना-दीड महिनाच झाला होता, लूव्रमध्ये दिवसाढवळ्या शिडी लावून चोर शिरले आणि राजघराण्याचे ८ कोटी ८० लाख युरोंचे दागिने घेऊन काही मिनिटात पसार.

हो, आणि २०११ च्या त्या रात्री कैरोत सामान्य माणसांनी हातात हात घालून म्युझियमभोवती साखळी केली होती. पळवलेला अखेनातेनचा एक पुतळा आंदोलनातल्या एका पोराला कचऱ्याजवळ सापडला आणि त्याच्या घरच्यांनी तो परत आणून दिला. सुरक्षितता नुसती काचेच्या जाडीवर नसते. आणि मुळात, शेजारच्या घरी चोरी होते म्हणून त्याचे दागिने मी माझ्या कपाटात कायमचे ठेवणार, हा युक्तिवाद कुठल्या गावात चालतो?

## "सगळं परत दिलं तर म्युझियमं रिकामी होतील"

होणार नाहीत, कारण सगळं कोणी मागतच नाहीये. एकट्या ब्रिटिश म्युझियमकडे इजिप्त आणि सुदानच्या लाखावर वस्तू आहेत, त्यातल्या फार थोड्या मांडलेल्या आहेत, बाकी गोदामात. हवास गेली काही वर्षं मुख्यतः तीन वस्तूंसाठी सह्या गोळा करतायत: रोझेटा स्टोन, नेफरतिती, डेंडेराचं राशीचक्र. मोनिका हॅना या पुरातत्त्वज्ञ बाईंनी २०२२ मध्ये रोझेटासाठी वेगळी मोहीम केली, त्यांची भाषा अजून कडक आहे. युरोपला भीती आहे ती पायंड्याची, एक दिलं की ग्रीस, नायजेरिया, आपण, सगळे रांगेत. ही भीती मला समजते पण पटत नाही, कारण आपला सातबारा साफ असेल तर माणूस मोजणीला घाबरत नाही.

## "आताच्या इजिप्शियन लोकांचा प्राचीन फेरो राजांशी काय संबंध?"

हा आक्षेप थोडा कुजबुजत येतो. भाषा अरबी, धर्म वेगळा, मग हक्क कसला? याचं उत्तर आपल्याला तरी सोपं जावं. अजिंठा ज्या बौद्ध भिक्खूंसाठी सातवाहन आणि वाकाटकांच्या काळात कोरलं गेलं ते भिक्खू तिथे आज नाहीत, त्या काळची भाषा आपण घरात बोलत नाही, तरी अजिंठ्याचं एखादं भित्तिचित्र कोणी कापून नेलं तर आपण "आमचा काय संबंध" म्हणू का? जमीन, नदी, माणसं तीच असतात, वर राज्यं बदलतात. शिवाय कॉप्टिक ख्रिश्चन लोकांच्या चर्चमधली प्रार्थनेची भाषा ही प्राचीन इजिप्शियनचीच शेवटची पायरी आहे, आणि शाम्पोलियोंला चित्रलिपी सोडवताना हीच कॉप्टिक कामाला आली.

## मग आपल्याकडच्या ममींचं काय?

हे कोणी विचारत नाही पण विचारायला हवं. भारतात इजिप्तच्या ममी आहेत. कोलकात्यात आहे, जयपूरला आहे, हैदराबादला आहे, आणि बडोद्याच्या म्युझियममध्ये सयाजीराव महाराजांच्या काळात आणलेली आहे, जी बघून आमच्या आजोळची निम्मी पोरं रात्री घाबरलेली आहेत. त्या काळी ममी बाजारात विकत मिळायची. ती वस्तू नाही, मेलेला माणूस आहे, हा विचार तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हता. अमेरिकेत अटलांटाच्या एका म्युझियमने २००३ मध्ये एक ममी इजिप्तला परत दिली, ती पहिल्या रामसेसची मानली जाते, आणि त्याआधी ती शंभराहून जास्त वर्षं नायगारा धबधब्याजवळ जत्रेतल्या नवलाईसारखी ठेवली होती. बडोद्याच्या ममीबद्दल मला स्वतःला ठाम मत देता येत नाही. पण कोहिनूर मागताना ती आठवते.

## "उसनं" हा मधला मार्ग?

कायमचं परत नाही पण काही वर्षांसाठी द्यायचं, याला लोन म्हणतात. आपण हे नुकतंच बघितलंय. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून जुलै २०२४ मध्ये वाघनखं साताऱ्याला आली तेव्हा कितीतरी जणांना वाटलं परत मिळाली, पण ती तीन वर्षांसाठी उसनी आलीत, मालकी लंडनचीच. उलट रघुजी भोसल्यांची तलवार २०२५ मध्ये राज्य सरकारने लंडनच्या लिलावात ४७ लाख १५ हजार रुपये मोजून घेतली. एक उसनं, एक विकत. आपलीच वस्तू, दोन्ही वेळा दार आपणच वाजवलं.

इजिप्तनेही नवीन म्युझियमच्या उद्घाटनासाठी नेफरतिती काही महिने द्या असं फार पूर्वी विचारलं होतं. जर्मनीचं उत्तर, पुतळा नाजूक आहे, प्रवास झेपणार नाही. नाजूक तर आहेच. पण एकदा गेली की परत येणार नाही ही धाकधूक पण त्यात आहे, आणि खरं सांगायचं तर ती चुकीची नसावी.

म्हणून पुढच्या वेळी "अमुक वस्तू मायदेशी" अशी बातमी आली की आत दोन गोष्टी शोधा, वस्तू बाहेर गेल्याचं साल १९७० च्या आधीचं का नंतरचं, आणि लोन हा शब्द कुठे लपलाय का.

मावशीला हे सगळं सांगून झालं तेव्हा तिचा चहा गार झाला होता. तिचं पुढच्या उन्हाळ्याचं युरोप टूरचं बुकिंग आहे, बर्लिन दीड दिवस. म्हणाली, नेफरतितीबरोबर सेल्फी काढून ग्रुपवर टाकते. त्या खोलीत फोटो काढू देत नाहीत, हे तिला सांगितलंय. तर म्हणते, "म्हणजे झेरॉक्स पण नाही?"